जुन्या भोकांतले गज

रविवार, ७

या हातांनी केलेल्या वस्तू, आठवतील तशा लिहितो.

माझी भट्टी आणि तिचा भाता. वाचनालयाचा गोल जिना, ज्याला मधोमध एकच खांब आहे आणि आजवर त्याने कुरकूरदेखील केलेली नाही. दवाखान्याचं फाटक, एवढं जड, पण आजारी माणसाने बोट लावलं तरी उघडतं. मनोऱ्यावरच्या बंद पडलेल्या घड्याळाचा मोठा काटा. मुलीचा पाळणा, ज्यात नंतर नातही झोपली. शेजारच्यांच्या लंगड्या कुत्र्याला चाकांची गाडी, फुकट. आमच्या घराच्या वरच्या गॅलरीचा कठडा. आणि किल्ल्याच्या पश्चिम बुरुजावरचा कठडा.

हे सगळं लिहायचं कारण असं, की काल चौकशी समितीचा कारकून माहिती घ्यायला आला होता. कोवळा, नाकावर चष्मा, पेन मात्र महागाचं. "शिक्षण?" म्हणाला. मी म्हटलं, "लोखंड." "म्हणजे डिप्लोमा?" "नाही. म्हणजे लोखंड." त्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग म्हणाला, "रिकामं सोडू का?" मी म्हटलं, सोडा. तो गेल्यावर डोक्यात तिडीक उठली. रिकामं का म्हणून? मला कोणी शिकवलं नाही हे खरं. दुसऱ्यांच्या कारखान्याबाहेर उभा राहून बघितलं, घरी येऊन भाजून घेतलं, आणि शिकलो. ते त्याच्या रकान्यात मावत नसेल तर दोष रकान्याचा.

चौकशी कशाची, तेही लिहून ठेवतो. मागच्या आठवड्यात त्या पश्चिम बुरुजावरून चार वर्षांचा एक मुलगा खाली पडला. जागीच गेला. पेपरात छापून आलं, 'कठडा तुटून बालकाचा मृत्यू'.

तुटून. हा शब्द मी दहादा वाचला. माझा सांधा तुटत नाही. बायकोला तेच म्हणालो तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, पोर गेलंय कोणाचं तरी. सांध्याचं काय घेऊन बसलात?"

पोर गेल्याचं वाईट मलाही वाटतंच. पण म्हणून खोटं छापायचं?

मंगळवार, ९

कंत्राटदारांचा फोन. किल्ल्याच्या दुरुस्तीचं काम त्यांच्याकडे होतं, त्यातला कठडा त्यांनी मला दिला होता. गोड आवाज, नेहमीपेक्षा दोन चमचे जास्तच. "मिस्त्री, कोणी काही विचारलं तर माझ्याकडे पाठवा. आणि तुम्ही किल्ल्याकडे फिरकू नका."

"का? मी काय चोर आहे?"

"चोर नाही हो! पण उगाच आगीत तेल कशाला?"

संध्याकाळी मुलगी आली, नातीला घेऊन. ती ऑफिसात काम करते, तिला कायद्याचं कळतं. म्हणाली, "बाबा, बावीस तारखेला समितीपुढे तुमचा जबाब आहे. निष्काळजीपणा ठरला तर खटला होतो. कारखान्याला कुलूप लागेल, तुरुंगही होऊ शकतो. वकील बघूया."

मी म्हटलं, "वकील कशाला? हातच्या कांकणाला आरसा कशाला? जाऊन बघितलं की झालं, तुटलाय की नाही."

"आणि तुटला असेल तर?"

या पोरीला मी खांद्यावर बसवून भट्टी दाखवली आहे. तिने हे विचारावं!

खरं सांगायचं तर त्या कामासारखं काम मी दुसरं केलेलं नाही. कंत्राटदारांनी दिलेल्या ड्रॉइंगमध्ये बारीक नळ्या होत्या, चार-चार इंचांवर, बोल्ट मारून बसवायच्या. दवाखान्यातल्या खाटेसारखं दिसलं असतं. मी बुरुजावर गेलो आणि गुडघ्याएवढ्या उरलेल्या भिंतीच्या माथ्यावर बघतो तर जुनी भोकं! एका ओळीत, सारख्या अंतरावर, वीतभरापेक्षा थोड्या कमी. चौकोनी, आणि तोंडाशी अरुंद, तळाला रुंद, म्हणजे आत शिसं ओतलं की बाहेर यायचं नाव नाही. आपल्या आधी इथे कोणीतरी जाणत्याचा हात फिरून गेलाय, हे अशा वेळी बोटांना कळतं. त्या दगडात ड्रिल घालायचं? माझ्याने झालं नसतं. मी ड्रॉइंग गुंडाळून ठेवलं, चौकोनी गज भट्टीत घालून घणाने घडवले, आणि त्या जुन्याच भोकांत शिसं ओतून उभे केले. नवं भोक एकही पाडलं नाही.

कंत्राटदार बघायला आले तेव्हा म्हणाले, "वा मिस्त्री! गज निम्मेच लागले की!" आणि सरकारी इंजिनियर आला, चहा घेतला, लांबून बघितलं, म्हणाला, "अगदी मूळचाच वाटतो," आणि सही केली. ते वाक्य मी घरी इतक्यांदा सांगितलंय की आता मी तोंड उघडलं की बायकोच पुरं करते.

शनिवारी जाणार. एकटाच.

गुरुवार, ११

कारखान्यातून घरी आलो तर बायकोने गॅलरीच्या कठड्याला खालपासून वरपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी गुंडाळलेली. कोळ्याने जाळं विणावं तसं. हा कठडा किल्ल्याच्या कामानंतर लगेच केलेला. डोळ्यांत तेच माप बसलं होतं म्हणून तेच अंतर घेतलं. रस्त्यावरून जाणारे मान वर करून बघतात.

"हे काय केलंस?"

"टिटवी येते ना इथे खेळायला." आमची नात सतत ओरडते म्हणून तिला टिटवी म्हणतो.

"दोन वर्षं येतेय. कधी काही झालं?"

ती पोळ्या लाटायला आत गेली. ती बोलत नाही तेव्हा जास्त राग येतो. मी सगळी दोरी सोडवली आणि गुंडाळी करून खुंटीला लावली.

शनिवार, १३

पहाटेची गाडी. खिडकी मिळाली. बरोबर डबा, पाण्याची बाटली, मोजायची टेप आणि छोटी हातोडी. समोर एक जोडपं आणि त्यांचा मुलगा, सहलीला निघालेले. मुलगा खिडकीच्या काचेवर वाफ सोडून बोटाने घोडे काढत होता. घोडे बरे होते, पाय मात्र पाचच्या खाली नाहीत.

बाप बोलका होता. "एकटेच? किल्ला बघायला?"

"हो."

"आम्ही पण. पण वरच्या बुरुजावर सोडत नाहीत म्हणे. कठडा तुटलाय ना."

"तुटलेला नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी बनवलाय तो," मी म्हणालो.

तो हसला, मग हसायचा थांबला. बाईने मुलाला खिडकीपासून उचलून मांडीवर घेतलं. पुढच्या स्टेशनवर त्यांना दुसऱ्या डब्यात जागा दिसली म्हणून ते उठून गेले. मला पाय पसरायला जागा झाली.

स्टेशनवरून चढण चालत गेलो. धुकं होतं, आणि दगडांवर शेवाळं. खालच्या चौकात एक गाईड दहाबारा लोकांना घेऊन उभा होता आणि हात वर करून पश्चिम बुरूज दाखवत होता. "आणि ते गज बघा मंडळी! तीनशे वर्षांचे. शिसं ओतून बसवलेले. आजच्या कारागिराला जमेल का हे?"

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. खोटं कशाला बोलू! लोक पांगल्यावर मी त्याला गाठलं. "तीनशे वर्षांचे म्हणून कोणी सांगितलं?"

"ऑफिसातून आलंय, याच आठवड्यापासून असंच सांगायचं. का हो?"

"काही नाही," म्हटलं. ऑफिसातल्या लोकांनाही फरक कळेना! समितीला याहून वेगळा दाखला काय हवा?

बुरुजाच्या पायऱ्यांना आडवी दोरी होती आणि एक म्हातारा पहारेकरी स्टुलावर बसला होता. त्याला खरं ते सांगितलं: काम माझं आहे, एकदा हात लावून बघायचं आहे. तो बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग उठला, दोरी उचलली. "चला. मी बरोबर येतो."

वर वारा होता. मी एका टोकापासून सुरुवात केली. प्रत्येक गज आधी हाताने हलवला, मग हातोडीने वाजवला. सैल गज ठप्प वाजतो, पक्का गज घंटेसारखा. सगळे घंटेसारखे वाजले. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. वरची पट्टी सरळ, शिसं जसंच्या तसं, रंगालाही चरा नाही. छातीवरचं ओझं उतरलं. मी मोठ्याने म्हणालो, "बघा! तुटलंय का कुठे?"

"तुटलं असं म्हणतं कोण?"

"पेपर."

"पेपरवाला इथे आलाच नव्हता," पहारेकरी म्हणाला. "मी होतो. हा इथे. बापाने फोटोसाठी उभं केलं पोराला, हसायला सांगितलं. खाली कबुतरं उडाली. पोरगं वळलं बघायला, आणि वाकलं." त्याने दोन गजांच्या मधे हात घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत, आणि बाहेर काढला. "तुटायची गरजच पडली नाही साहेब. दार उघडंच होतं."

मी म्हटलं, "पण सांधे शाबूत आहेत. तुम्ही स्वतः ऐकलंत. हे समितीला सांगाल?"

"सांगेन की. विचारलं तर सगळं सांगेन." मग म्हणाला, "आईच्या हातात बूट राहिला होता." आणि तोंड फिरवून पायऱ्यांकडे गेला. रागावण्यासारखं मी काय बोललो, कळलं नाही.

तो पाठमोरा असताना टेप काढली आणि दोन गजांमधे धरली. नवीन काय कळणार होतं? माप मीच घेतलेलं.

उतरताना संग्रहालयाच्या खोलीत शिरलो, पाय दुखत होते म्हणून. तिथे किल्ल्याचं एक जुनं चित्र टांगलंय. पश्चिम बुरुजावर तेव्हा माणसाच्या छातीपर्यंत दगडी भिंत होती, आणि त्या भिंतीच्या माथ्यावर बारीक लाकडी खांब दाटीने रोवून वर छप्पर केलेलं, पहारेकऱ्यांना उन्हापासून. खाली लिहिलंय, भिंत पुढे पडली, मग डागडुजीत तिचाच माथ्याचा थर खालच्या दगडांवर बसवला. म्हणजे ती भोकं छपराची. कठडा तिथे कधी नव्हताच, कारण लागतच नव्हता.

चित्रकाराची चूक असेल. चित्रकार लोक माप पाळत नाहीत.

परतीच्या गाडीत डबा उघडला नाही. घरी बायकोने विचारलं, "तुटलाय?" म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मग?" मी म्हटलं, "मग काय? नाही तुटलेला." डबा तिने तसाच घेतला, उघडून बघितला आणि झाकण लावलं.

रविवार, १४

भट्टी पेटवली नाही.

बुधवार, १७

दवाखान्याच्या फाटकाला तेल घालून आलो. वर्षातून एकदा घालतो, कोणी सांगत नाही. तिथला शिपाई एरवी "या मिस्त्री, चहा घ्या" म्हणतो. आज म्हणाला, "आता हे पण तपासणार का ते लोक?" मी म्हटलं, "तपासू दे. फाटकातून काय पडतं?" तोही हसला नाही, मलाही हसू आलं नाही.

मुलीला ऑफिसातून यायला उशीर होणार होता म्हणून टिटवी आमच्याकडे. साडेतीन वर्षांची आहे. कारखान्यात माझ्या मागे मागे. "हे काय? हे कशाला? हे गरम?" गजाची जाडी मोजायचा कॅलिपर तिला फार आवडतो, खेकड्यासारखा दिसतो म्हणून. तिला स्टुलावर बसवलं. म्हटलं, हलू नकोस. कॅलिपरचे दोन्ही दात तिच्या डोक्याला लावले, कानांच्या वर. मग छातीला, हात वर करायला लावून, पुढून आणि बाजूने.

ती खिदळायला लागली. "आजोबा, मी काय लोखंड आहे?"

आकडे इथे लिहीत नाही.

मान वर केली तर दारात बायको उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. मला वाटलं आता ती बोलेल, आणि मी उत्तर जुळवून ठेवलं होतं: इंजिनियरने सही केली होती, कंत्राटदारांनी बघितलं होतं, मुलावर लक्ष ठेवणं बापाचं काम होतं. सगळं खरं आहे. पण तिने फक्त टिटवीला उचललं आणि म्हणाली, "चल गं, दूध पिऊ."

खुंटीवरची दोरी संध्याकाळी दिसली नाही. वर जाऊन बघितलं तर पुन्हा कठड्याला गुंडाळलेली. या वेळी गाठी जास्त होत्या. मी हात लावला नाही.

शुक्रवार, १९

सकाळी वेल्डिंगचं मशीन गॅलरीत नेलं. दोरी कापली. कारखान्यात पडलेल्या सळया कापून प्रत्येक दोन गजांमधे एकेक जोडली. सळया गोल, गज चौकोनी, काही गंजलेल्या, दोन वाकड्यासुद्धा. घासत बसलो नाही, रंग दिला नाही. आयुष्यात इतकं घाणेरडं काम केलं नव्हतं. टिटवी खालून ओरडत होती, "आजोबा, आग! आग!" आणि तिच्या आईने तिचे डोळे झाकले होते.

शेवटच्या सळया राहिल्या होत्या तेव्हा कंत्राटदार आले. थेट वर आले. कठड्याकडे बघून म्हणाले, "हे काय ठिगळ लावताय मिस्त्री? तुमच्या हातचं वाटत नाही."

"माझ्याच हातचं आहे."

खुर्ची दिली. पाणी घेतलं. मग घसा खाकरून मुद्द्यावर आले. "सोमवारी तुम्हाला विचारतील. सरळ सांगायचं, गज जुनेच होते. किल्ल्याचे. तुम्ही गंज खरवडला, रंग दिला, बस्स. तेवढी एक ओळ मी लिहून आणलीय, खाली सही करायची. भोकं जुनी, शिसं जुनं, घणाचे घाव जुन्यासारखे. कोण ओळखणार? इंजिनियर स्वतः म्हणाला होता, मूळचाच वाटतो."

गाईडला कोणी शिकवलं, ते मला तेव्हा कळलं.

"आणि तुमचं बिल?" मी विचारलं. "त्यात नव्या कठड्याचे पैसे लावलेत ना?"

"ते माझं मी बघतो. कागद काय, इकडचे तिकडे होतात. इतिहासावर कोणी खटला भरतं का? तुम्ही वाचलात, मी वाचलो, मुलाच्या बापाला सरकार भरपाई देईल. सांगा, कोणाचं काय गेलं?"

माझी मुलगी जिन्यात उभी राहून ऐकत होती. कंत्राटदार हे बोलले तेव्हा तिने टिटवीला खाली पाठवलं.

मी म्हटलं, "ड्रॉइंगमध्ये चार इंच होतं."

"ते ड्रॉइंग आता कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे आहे."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, समजा ते तुम्ही दाखवलंत, तर सगळ्यात आधी कोण लटकणार? मी म्हणेन, मी चार इंचाचं दिलं होतं, यांनी ऐकलं नाही. मला हौस नाही तसं म्हणायची. तुमच्याइतका हात मी दुसऱ्या कोणाचा बघितलेला नाही. म्हणून तर आलोय."

ते जिना उतरले, तशी मुलगी वर आली. "बाबा, करा सही. पाया पडते. तो मुलगा काही परत येणार नाही. तुम्ही आत गेलात तर आई काय करेल?" ती रडत होती. लहानपणी बोट भाजलं तेव्हा रडली होती तशी, हुंदका आत ओढून. मी तिला म्हणालो, "ते गज चांगले होते." ती म्हणाली, "बाबा, तेच तर!" आणि ओढणीने डोळे पुसायला लागली.

बायकोला विचारलं, तू काय म्हणतेस? ती गॅलरीत आली, नव्या सळयांमधून हात घालून बघत होती. तिचा हात मनगटाशी अडकला. तो काढत म्हणाली, "मी काय सांगू? तुम्ही आजवर कोणाचं ऐकलंय?"

मग मी कंत्राटदारांच्या मागे रस्त्यावर गेलो. ते गाडीत बसत होते. काच खाली करायला लावली आणि सांगितलं, सोमवारी मी जाणार. गज माझे, अंतर माझं, भोकं जुनी वापरायचं ठरवलं ते मी. ड्रॉइंग बरोबर नेणार. सांधे शाबूत आहेत तेही सांगणार, पहारेकरी साक्षीला आहे.

ते म्हणाले, "वेड लागलंय तुम्हाला. सांध्यांचं कोण विचारतंय?"

काच वर गेली.

मी नको म्हटलं ते हे: पश्चिम बुरुजावरचे गज मी घडवलेले नाहीत, ते आधीपासूनच तिथे होते, एवढी एका ओळीची सही, आणि तिचे कंत्राटदारांनी देऊ केलेले साडेतीन लाख.